पुढची सूचना येईपर्यंत

सोमवारी सकाळी साहेबांनी लेखकाला केबिनमध्ये बोलावून घेतलं आणि 'बसा' म्हणायचं विसरले. त्यामुळे लेखक उभाच राहिला. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण कोणी न सांगता बसणं त्याला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत जमलेलं नव्हतं.

"पंचवीस जणांनी तुमचा शेवटचा भाग खेळून पाहिला," साहेब म्हणाले. "किती जणांनी बंड केलं असेल?"

"किती, साहेब?"

"दोघांनी. आणि त्यातल्या एकाचं कोपर चुकून बटणावर पडलं होतं."

कंपनी व्हिडिओ गेम बनवायची. तिसऱ्या मजल्यावर एक लांबलचक हॉल, त्याच्या एका टोकाला लिफ्ट, नोटीसबोर्ड आणि स्वच्छतागृह, दुसऱ्या टोकाला दोन पायऱ्या चढून साहेबांची काचेची केबिन, आणि मधे सोळा माणसं. नव्या गेमची गोष्ट लेखकाची होती. एका शहराच्या डोक्यावर उंच मनोरा असतो आणि त्यात नऊ नियंते राहतात. खालच्या माणसांनी कधी उठायचं, कुठे वळायचं, कोणाशी बोलायचं, सगळं हे नऊ देव वरून ठरवतात. रस्त्यावरचे दिवे लावणारी एक बाई एकोणीस भाग त्यांचं निमूटपणे ऐकते. विसाव्या भागात हुकूम येतो, 'कृपया पुढची सूचना येईपर्यंत, शक्य झाल्यास, आहात तिथेच उभे राहा', आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानसं बटण उगवतं. त्यावर लिहिलेलं असतं, 'नाही'. ते दाबलं की बाई चालायला लागते, मनोरा अंधारात जातो आणि शहरातली माणसं आपलं आपण ठरवायला लागतात. या एका 'नाही'साठी लेखकाने आठ महिने डोकं शिणवलं होतं, आणि त्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं.

"एक गृहस्थ चाळीस मिनिटं तिथेच उभे होते," साहेब म्हणाले. "मग त्यांनी तक्रार लिहिली, की गेम अडकलाय."

"बटण मोठं करू का, साहेब?"

"बटणाचा दोष नाही हो. तुमचे देव फार मवाळ आहेत. 'कृपया' काय म्हणतात, 'शक्य झाल्यास' काय म्हणतात! देव कधी कृपया म्हणेल का? हुकूम असा पाहिजे की ऐकणाऱ्याचं डोकं फिरलं पाहिजे. जाचक लिहा. तिरपागडं लिहा."

"लिहितो, साहेब."

"शुक्रवारी तीन वाजता पाच नवीन माणसं खेळायला येतायत. चार वाजता मालकीणबाई स्वतः येणार आहेत शेवट बघायला. पाचातल्या तिघांनी तरी 'नाही' दाबलं पाहिजे. नाही दाबलं, तर आपण शेवटच बदलून टाकू. देव जिंकले, सगळे सुखी, विषय संपला. मग कथा विभाग ठेवायचा कशाला?"

कथा विभाग म्हणजे लेखक, त्याचं टेबल आणि कुंडीतलं एक मरतुकडं झाड. ही नोकरी मिळण्याआधी तो वर्षभर घरी बसून होता. त्या वर्षाची आठवण झाली की अजूनही त्याच्या तळहातांना घाम सुटायचा.

पण आत्ता घाम सुटला तो आणखी एका कारणाने. शुक्रवारी बायकोची चष्म्याच्या दुकानातली पाळी उशिराची होती आणि नऊ वर्षांच्या मुलीला साडेचार वाजता पोहण्याच्या तलावावरून आणायचं काम त्याच्याकडे होतं. मागच्या महिन्यात असंच एकदा साहेबांनी 'जरा थांबा' म्हटलं होतं आणि तो सव्वा तास थांबला होता. पोरगी ओल्या केसांनी बंद फाटकाशी बसून राहिली आणि तिला चार दिवस ताप आला. त्यावर बायको भांडली नव्हती. "तुला साहेबांना नाही म्हणता येत नाही ना, मग मला हो तरी म्हणत जाऊ नकोस," एवढंच बोलली होती. ते वाक्य लेखकाला भांडणापेक्षा जड गेलं होतं. या वेळी काय वाटेल ते झालं तरी साडेचारला फाटकाशी असेन, असं त्याने मुलीला कबूल केलं होतं.

"शुक्रवारी चार वाजता," साहेबांनी विचारलं, "काही अडचण नाही ना?"

"नाही, साहेब," लेखक म्हणाला. आयुष्यात त्याला 'नाही' म्हणता यायचं ते एवढ्याच ठिकाणी.

दुपारी त्याने दात-ओठ खाऊन चार हुकूम लिहिले. चित्रकार बाईंना गेममधल्या चौकात एक फलक रंगवायचा होता. त्या म्हणाल्या, "मला नमुना छापून द्या. आपल्या नोटीसबोर्डावर असते ना, अगदी तश्शी सूचना पाहिजे. खरी वाटली पाहिजे." म्हणून लेखकाने वर 'सूचना क्र. १' घातलं, खाली 'उल्लंघन करणाऱ्यावर कारवाई होईल' आणि 'आज्ञेवरून' घातलं, आणि चारही पानं प्रिंटरला सोडली. प्रिंटरमध्ये नेमका एकच कागद होता. पहिलं पान बाहेर आलं आणि तेवढ्यात बायकोचा फोन आला म्हणून लेखक जिन्यात गेला.

"शुक्रवारचं लक्षात आहे ना?"

"आहे गं."

"साहेबांशी बोललास?"

"बोलणारच आहे."

तो परत आला तेव्हा पान जागेवर नव्हतं. चित्रकार बाईंनी नेलं असेल असं समजून तो निर्धास्त झाला. त्या दिवसातला आणि त्या आठवड्यातला तेवढाच निर्धास्त क्षण.

पान शिपाईकाकांनी नेलं होतं. काका निवृत्तीला टेकले होते आणि बत्तीस वर्षं एकच काम नेमाने करत आले होते. ज्या कागदावर वरती ठळक अक्षरांत 'सूचना' असेल, तो प्रिंटरमधून उचलायचा, त्यावर कंपनीचा शिक्का हाणायचा आणि बोर्डावर लावायचा. कोणी काढली, कशासाठी काढली, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

मंगळवारी लेखक लिफ्टमधून बाहेर पडला आणि पाठमोरा प्रोग्रामर येऊन त्याच्या अंगावर आदळला.

"सॉरी, सॉरी! मागे दिसत नाही हो," प्रोग्रामर म्हणाला आणि तसाच उलट्या पावलांनी स्वच्छतागृहात शिरला. त्याच्या मागोमाग दोघं जण तसेच आले. चेहरे केबिनकडे, पावलं लिफ्टकडे. त्यातल्या एकीने हातात छोटा आरसा धरला होता.

लेखकाने बोर्डाकडे पाहिलं. 'सूचना क्र. १. वरिष्ठांकडे पाठ करून कोणीही चालू नये.' खाली जांभळा शिक्का.

तो तडक केबिनकडे निघाला. जाताना अडचण नव्हती, कारण तोंड केबिनकडेच होतं. साहेब खुर्चीत नव्हते. ते स्वतःच केबिनमधून बाहेर येत होते, आपल्याच रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून, पायाने चाचपत एकेक पायरी मागे उतरत.

"साहेब, ती सूचना—"

"वाचलीत ना? पाळा."

"पण साहेब, ती मुळात—"

"हे बघा, मला ठाऊक होतं," साहेब आवाज खाली आणून म्हणाले. "रविवारीच वरून फोन आला होता. माझं मत विचारलं. मी म्हटलं, जरूर काढा. शिस्त पाहिजे."

सूचना माझी आहे असं आता सांगायचं, म्हणजे साहेबांना कोणाचाही फोन आला नव्हता असं त्यांच्या तोंडावर सांगायचं. लेखक परत निघाला आणि चार पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण उलटे चालतो आहोत.

वरून म्हणजे मालकीणबाईंकडून. त्यांना ऑफिसात आजवर कोणी पाहिलं नव्हतं. साहेबांशी त्यांचं फोनवर बोलणं होत असे आणि मग साहेब बाहेर येऊन 'वरून आलंय' म्हणत. एवढं म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नसे.

लेखकाने विचार केला, आपणच घातलेला घोळ आपणच निस्तरावा. त्याने 'सूचना क्र. १ रद्द करण्यात येत आहे' असं टाईप केलं आणि प्रिंटरला सोडलं. प्रिंटर ढिम्म. मग त्याला कागदाचं आठवलं. त्याने आनंदाने कागदांचा गठ्ठा आत सरकवला, आणि काल अडून राहिलेली पानं आधी बाहेर पडायला लागली. दुसरं पान आलं. तिसरं आलं. चौथं यायच्या आत कर्रर्र आवाज झाला आणि प्रिंटर अडकला. लेखक झाकण उघडायला वाकला, तेवढ्या वेळात मागून एक हात आला आणि दोन्ही कागद घेऊन गेला.

"काका! अहो काका, ते लावू नका!"

शिक्का दोनदा वाजला.

"काका, ते रद्द करायचंय. पहिलीसुद्धा काढून टाका."

"काढायची?" काका टाचणी ठोकत म्हणाले. "लावायला सही लागत नाही. काढायला लागते."

"कोणाची?"

"ज्यांनी काढली त्यांची."

"मीच काढलीये हो!"

काकांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत दयेने पाहिलं. "तुम्ही काय साहेब आहात का?" असं म्हणून ते आपल्या स्टुलाकडे निघून गेले.

सूचना क्र. २ प्रमाणे जांभई देण्यापूर्वी परवानगी घेणं आवश्यक झालं. सूचना क्र. ३ प्रमाणे रोज तीन वाजता सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून छताकडे पाहायचं होतं आणि त्या वेळी चेहऱ्यावर समाधान असणं अपेक्षित होतं.

लेखकाला वाटलं होतं, आता तरी कोणीतरी भडकेल. निदान हसेल. बुधवारी मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी जांभयांसाठी नोंदवही उघडली. परवानगी मिळेपर्यंत जांभई निघून जायची, मग 'दिली नाही' असा शेरा मारून घ्यावा लागायचा. प्रोग्रामरने संध्याकाळपर्यंत त्यासाठी अ‍ॅप बनवून दिलं आणि साहेबांनी त्याची पाठ थोपटली. छतावर पाणी गळून पडलेला एक तपकिरी डाग होता. दोन मिनिटं त्याच्याकडे बघून बघून लोकांना तो आवडायला लागला. तो कासवासारखा दिसतो की बुटासारखा, यावरून दोन तट पडले. ज्यांना उलटं चालणं जमत नव्हतं, ते केबिनमागच्या जिन्याने खाली उतरून, दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्याच्या दवाखान्यातून वळसा घालून, पुढच्या जिन्याने स्वच्छतागृहात येऊ लागले. दोन दिवसांनी दंतवैद्यांनी चिठ्ठी पाठवली, की या सूचना दुसऱ्या मजल्यालाही लागू आहेत का. साहेबांनी उत्तर पाठवलं, 'विचाराधीन आहे.'

स्वतः साहेबांना जांभई आली की ते फोन कानाला लावून, "हो, एकच, छोटीशीच," असं म्हणत आणि मग जांभई देत. काचेतून लेखकाला दिसलं, की फोनचा पडदा काळा असतो.

त्या सगळ्या ऑफिसात सरळ चालणारे एकटे शिपाईकाका होते. केबिनमध्ये चहा ठेवून ते ताठ पाठ फिरवत आणि शांतपणे लिफ्टपर्यंत जात. शिपायांना सूट असेल, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं.

बुधवारी संध्याकाळी लेखक घरी आला तो डोकं धरून. जगातले सगळ्यांत जाचक, सगळ्यांत तिरपागडे हुकूम त्याने लिहिले होते आणि सोळा शिकलेली माणसं ते आनंदाने पाळत होती. शुक्रवारी येणारे ते पाच जण काय वेगळे असणार होते? त्याने लॅपटॉप उघडून विसावा भाग मुलीसमोर ठेवला. दिवे लावणारी बाई चौकात उभी राहिली, हुकूम आला, बटण उगवलं, आणि चार सेकंदांत मुलीने 'नाही' दाबलं.

लेखक उडालाच. "का गं? का दाबलंस?"

"मला शू लागलीय," असं म्हणून मुलगी पळाली.

आतून तिचा आवाज आला, "बाबा, तू शुक्रवारी येणार आहेस ना?"

"येणार आहे."

"साहेबांनी सोडलं तर, की नक्की?"

लेखकाला तेवढ्यात एक कल्पना सुचली होती आणि ती फारशी उदात्त नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने चाचणीच्या खोलीत ठेवायला पाण्याच्या पाच मोठ्या बाटल्या आणल्या.

शुक्रवारी तीन वाजता पाच जण आले. एक नर्स होत्या, एक बस चालवणारे, दोन कॉलेजची मुलं आणि एक निवृत्त मुख्याध्यापक. लेखकाने दर पाच मिनिटांनी चाचणीच्या काचेच्या खोलीत डोकावून विचारलं, "पाणी घेतलंत का? घ्या हो. हवा फार कोरडी आहे." मंडळी भिडस्त होती. पीत गेली.

पावणेचारला प्रिंटरचा मेकॅनिक आला. मालकीणबाई येणार म्हणून साहेबांनी त्याला मुद्दाम बोलावलं होतं.

लेखक त्याच्याकडे धावला. आत चौथं पान अडकलेलं होतं, म्हणजे शेवटचा हुकूम. "राहू द्या हो," तो म्हणाला. "असाच बरा आहे तो. उगाच कशाला त्रास घेता?"

"साहेबांनी सांगितलंय," मेकॅनिक म्हणाला आणि त्याने चिमट्याने कागदाचा चोळामोळा ओढून काढला. आतला गठ्ठा काढून बाजूला ठेवला, तपासायला म्हणून एक, फक्त एक कोरा कागद आत घातला, झाकण लावलं, आणि चौथं पान सुळ्ळकन बाहेर आलं. "झालं," असं म्हणून त्याने पेटी उचलली. काकांचा शिक्का वाजला.

'सूचना क्र. ४. पुढची सूचना येईपर्यंत आहात तिथेच उभे राहावे.'

मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि आपण बोर्डासमोरच थबकल्या. हॉल शांत झाला. प्रोग्रामर कूलरपाशी भरलेला पेला धरून उभा राहिला. चित्रकार बाई अर्ध्या उठल्या होत्या, त्या पूर्ण उठल्या. साहेब केबिनच्या दोन पायऱ्यांवर होते, त्यांचा एक पाय वर आणि एक खाली असा राहिला. मेकॅनिक लिफ्टपर्यंत पोचला होता, तो निघून गेला. पाच खेळाडू काचेतून बाहेर पाहायला लागले. त्यांच्या पडद्यांवर पाच दिवे लावणाऱ्या बाया उभ्या होत्या आणि बाहेर सोळा माणसं.

प्रिंटरचा लाल दिवा मिणमिणत होता. पुढची सूचना, म्हणजे मंगळवारी लेखकाने सोडलेली 'रद्द'ची, आतच होती. तिला फक्त कागद हवा होता आणि तो घालायला कोणीतरी जागचं हलायला हवं होतं.

हे सगळं एकट्या लेखकाला ठाऊक होतं आणि तोही उभा होता. हुकूम त्याचा होता, शब्द त्याचे होते, 'राहा'च्या ऐवजी 'राहावे' जास्त जरबेचं वाटेल म्हणून त्याने सोमवारी वीस मिनिटं घालवली होती. तरी पाऊल उचलेना. साहेब बघत होते. चार वाजले. चार वाजून पाच झाले. काचेआड नर्सबाईंनी एका पायावर दुसरा पाय घट्ट टाकला, मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले, पण 'नाही'वर बोट कोणी ठेवेना. चार दहा. तलावाला पोचायला तेरा मिनिटं लागत. लेखक घड्याळाचा काटा सरकताना बघत होता. आत्ता मुलगी पाण्याबाहेर आली असेल. आत्ता टॉवेल शोधत असेल. आत्ता फाटकाकडे बघत असेल, आणि मनात म्हणत असेल, साहेबांनी सोडलं तर.

चार वाजून बारा मिनिटांनी लेखकाने केबिनकडे पाठ केली आणि तो चालायला लागला.

पहिल्या चार पावलांना त्याला वाटलं, आता छत कोसळेल. काही कोसळलं नाही. फरशी चपलेखाली रोज वाजते तशीच वाजली.

"अहो!" पायऱ्यांवरून साहेबांचा आवाज आला. ते स्वतः मात्र हलले नाहीत. "कुठे निघालात?"

चाचणीच्या खोलीचं दार किलकिलं झालं. नर्सबाईंनी तोंड बाहेर काढलं. "अहो, निघालं तर चालतं का हो?"

"मला मुलीला आणायचंय," लेखक म्हणाला. हे काही त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण बाईंना तेवढं पुरलं. त्या वळल्या, त्यांनी आपल्या पडद्यावर दाणकन 'नाही' दाबलं आणि त्या स्वच्छतागृहाच्या दिशेने निघाल्या. त्यांच्यामागे आणखी चार वेळा 'नाही' दाबल्याचा आवाज झाला आणि बस चालवणारे गृहस्थ, दोन्ही मुलं आणि सगळ्यांत पुढे मुख्याध्यापक असे सगळे लेखकाला ओलांडून धावत गेले.

लिफ्टच्या बाहेर, बोर्डापासून दोन हातांवर, पांढऱ्या केसांच्या एक बाई हातात पर्स धरून ताठ उभ्या होत्या.

"बाई, तुम्ही कशाला उभ्या?" लेखक बटण दाबत म्हणाला. "हे इथल्या लोकांसाठी आहे."

"मी इथलीच आहे. मालकीण आहे मी."

"मग... मग तुम्हाला कसली सूचना? सूचना तर तुमच्याच—"

"माझ्या? छे!" त्या बोर्डावरची नजर न काढता कुजबुजल्या. "मला वाटलं वरून आलीये."

"तुमच्याही वर कोणी आहे?"

"असेलच ना. असल्याशिवाय इतकं ठामपणे कोण लिहील?"

लिफ्ट आली. मालकीणबाईंनी आता त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही इथलेच ना? थांबा. मी शेवट बघायलाच आलेय."

आठ महिन्यांची नोकरी, त्याआधीचं ते घरी बसलेलं वर्ष, कुंडीतलं मरतुकडं झाड, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

"नाही," लेखक म्हणाला. आवाज अगदीच बारीक निघाला, पण निघाला. "मुलगी वाट बघतेय." आणि लिफ्टचं दार मिटलं.

तो तलावाच्या फाटकाशी पोचला तेव्हा चार वाजून एकोणतीस मिनिटं झाली होती. मुली नुकत्याच बाहेर येत होत्या. त्याची मुलगी सगळ्यांत शेवटी आली, मान खाली घालून, बसायला पायरी शोधत. मग तिने वर पाहिलं.

"बाबा! सोडलं साहेबांनी?"

"नाही. मीच आलो."

तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, ओला टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला आणि पिशवी त्याच्या हातात दिली. घरापर्यंत लेखकाचा शर्ट ओला होत गेला आणि नोकरी गेली असं मनाशी धरूनही त्याला फार बरं वाटत होतं. ते बरं वाटणं शनिवारपर्यंत टिकलं. रविवारी त्याला झोप आली नाही.

सोमवारी तो थेट केबिनमध्ये गेला आणि न सांगता खुर्चीत बसला.

"पाचातल्या पाच!" साहेब ओरडले. "आणि नुसतं बटण दाबून गप्प बसले नाहीत. जागचे उठून धावले! मालकीणबाई म्हणाल्या, स्वातंत्र्याची एवढी तळमळ मी जन्मात पाहिली नाही. शेवट पक्का. तुमचा विभागही पक्का."

"साहेब, एक सांगायचंय. त्या चार सूचना मी लिहिल्या होत्या. गेमसाठी. चुकून बोर्डावर लागल्या."

साहेब खो-खो हसायला लागले.

"तुम्ही? अहो, ती चौथी वाचा. 'आहात तिथेच उभे राहावे.' काय जरब आहे! हे तुमच्या हातून उतरलं असतं, तर तुमचे देव इतके मवाळ झाले असते का? नाही हो. ते वरचंच काम." आणि मग गंभीर होत म्हणाले, "बरं, मालकीणबाई विचारत होत्या, लिफ्टपाशी त्यांना 'नाही' म्हणून कोण गेला. मी सांगितलं, आमच्याकडे असं कोणी नाही."

लेखकाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण लेखक म्हणून थोडं लागलंच.

बाहेर बोर्डापाशी शिपाईकाका होते. शुक्रवारी पावणेपाचला त्यांनीच प्रिंटरमध्ये कागद घालून 'रद्द'ची सूचना काढली होती आणि लावली होती, म्हणून माणसं घरी गेली. ती फक्त पहिल्या सूचनेपुरती असल्यामुळे जांभईची नोंदवही अजून चालूच होती. आत्ता काकांच्या हातात एक नवा कागद होता.

"काका, एक विचारू?" लेखक म्हणाला. "आठवडाभर तुम्ही केबिनकडे पाठ करून चालत होतात. शुक्रवारीही उभे राहिला नाहीत. शिपायांना सूट होती का?"

"कशातनं सूट?"

"सूचनेतून. तुम्हीच तर लावलीत!"

"लावली. वाचली कुठे?" काकांनी टाचण्या ओठांत धरल्या आणि त्यांच्या कडेने बोलत राहिले. "वरचा एक शब्द दिसला की शिक्का मारायचा. बाकीचं बत्तीस वर्षांत एकदाही वाचलं नाही. वाचलं की पाळावं लागतं."

त्यांनी नवा कागद बोर्डावर धरून तळहाताने सपाट केला. सवयीने लेखकाची नजर वर गेली. 'सर्वांनी' एवढा पहिला शब्द त्याला दिसला, आणि तो मान खाली घालून घाईघाईने आपल्या टेबलाकडे निघाला.